जहाज बुडायची वाट पाहू नको, आधी प्राणिसंग्रहालय फिरून घे

तुझा प्रश्न थोडक्यात असा की 'लाइफ ऑफ पाय' (जहाज बुडून पाय नावाचा पोरगा एका होडीत वाघाबरोबर अडकतो ती कादंबरी) वाचायला घेतलं, वीसेक प्रकरणं झाली, अजून जहाजाचा पत्ता नाही, नुसतं प्राणिसंग्रहालय आणि देऊळ-चर्च-मशीद चाललंय, तर पुढे वाचू का ठेवून देऊ. दुसरं म्हणजे यातला वाघ खरा वाघ आहे का लेखकाच्या डोक्यातला. आणि तिसरं, हे पुस्तक वाचून माणसाचा देवावर विश्वास बसतो म्हणतात ते खरं का. तिन्ही प्रश्न तू एका दमात विचारलेस पण मला एका दमात उत्तर जमणार नाही बेटा, चहा ठेव गॅसवर.

मी ३१ वर्षं जनावरांचा डॉक्टर. सुरुवातीची काही वर्षं गाई-म्हशी-शेळ्या, मग बिबटे, अस्वलं, वाघ, आणि या सगळ्यांच्यापेक्षा अवघड म्हणजे ते पाहायला जमलेली माणसं. नागपुरात धरमपेठेत माझ्या घरी चौदा वर्षांपासून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनाचा गट जमतो, दहा-बारा जण, तर्री-पोहे आणि एक पुस्तक. हे पुस्तक आम्ही दोनदा घेतलं. पहिल्यांदा फसलो, दुसऱ्यांदा जमलं, आणि का फसलो ते सांगितलं की तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

पहिल्या खेपेला आम्ही गंमत केली, गंमत कसली चूकच ती. ठरवलं की पहिला भाग वाचून भेटायचं. पुस्तकात एकूण १०० प्रकरणं, तीन भाग, त्यातला पहिला भाग ३६ प्रकरणांचा. भेटलो आणि प्रत्येकजण न्यायाधीश. बँकेतून रिटायर झालेले एक काका म्हणाले, "अरे डॉक्टर, वाघाचं पुस्तक म्हणून आणलं अन् हे काय प्रवचन लावून राहिला तू?" एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, मुलगा म्हणाला सिनेमा बरा होता, तिथं लवकर बुडते. एका वहिनींना पायचा स्वभावच आवडला नाही, अति शहाणा वाटला. अकरा जणांपैकी सहा जणांनी तिथंच पुस्तक मिटलं, आणि सहाच्या सहा जणांचं कारण वेगवेगळं होतं. तेव्हा मला राग आला होता, आता वाटतं त्यांचं चुकलं नव्हतं, मी त्यांना चुकीच्या ठिकाणी थांबवलं होतं. अर्ध्या बाळंतपणात म्हशीला तपासून रेडकू कसं आहे ते सांगा म्हणण्यासारखं झालं ते.

आता बघ, ते सगळे जहाज बुडायची वाट पाहून राहिले होते. आणि दुसऱ्या भागाचं पहिलंच वाक्य काय, तर जहाज बुडालं. बस. वादळ नाही, आरडाओरडा नाही, आधी बातमी आणि मग बाकीचं. आणि पहिला भाग संपताना लेखक सरळ सांगून टाकतो की या गोष्टीचा शेवट गोड आहे. शिवाय मोठा झालेला पाय टोरांटोत बसून हे सगळं सांगतोय, म्हणजे तो वाचला हे तुला पहिल्याच पानावर कळलेलं असतं. मग जो लेखक स्वतःच्या हाताने सस्पेन्सचा गळा घोटतो त्याला तुला कशात अडकवायचं आहे, असा विचार कर नं. तो वाचला का हा प्रश्नच नाही, काय काय करून वाचला हा आहे, आणि त्या 'काय काय'चा सगळा किराणा पहिल्या भागात भरून ठेवलाय.

किराणा म्हणजे प्राणिसंग्रहालयाची प्रकरणं. तुला कंटाळा आला ती. मला तीच सगळ्यात आवडली पण माझा धंदाच तो, त्यामुळे माझं मत थोडं सावधपणे घे. लेखक यान मार्टेल कॅनडाचा, जनावरांचा डॉक्टर वगैरे नाही, पण त्याने अभ्यास मनापासून केलाय. हायनी हेडिगर नावाचा स्वित्झर्लंडचा मोठा प्राणितज्ज्ञ होऊन गेला, प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांच्या मनाचा शास्त्र म्हणून विचार करणारा, त्याचे विचार या प्रकरणांत जागोजागी आहेत. त्यातला मुख्य म्हणजे पळण्याचं अंतर. प्रत्येक जनावर तुला एका ठरावीक अंतरापर्यंत येऊ देतं, त्याच्या आत पाऊल टाकलं की ते पळतं, आणि पळायला जागाच नसली तर अंगावर येतं. हे पुस्तकात वाचायच्या आधी मी एका विहिरीत शिकलो. काटोलकडे एका संत्र्याच्या वाडीतल्या कोरड्या विहिरीत बिबट पडला होता, मी डार्ट भरून काठावर पालथा झोपलेलो, झायलाझिन आणि केटामाइन ही गुंगीची औषधं, आणि पाठीमागे पूर्ण गाव. बिबट शांत होता. अगदी शांत. मग कोणीतरी नीट दिसावं म्हणून बाज खाली सोडली दोराने, आणि बाज त्याच्यापासून साधारण सात-आठ फुटांवर आली मात्र, तो भिंतीवरून असा उसळला की माझ्या चष्म्यावर माती आली. बाजेनं त्याचं काही बिघडवलं नव्हतं, अंतर तेवढं मोडलं होतं. पाय पुढे होडीत जे काही करतो ते सगळं या अंतराचंच गणित आहे, म्हणून म्हणतो ती पानं गाळू नको.

एका गोष्टीत माझं आणि लेखकाचं भांडण आहे. पाय म्हणतो की रानातलं जनावर मोकळं असतं ही आपली कल्पना, खरं तर ते भूक, भीती आणि हद्द यांच्यात बांधलेलं असतं, आणि चांगल्या पिंजऱ्यात त्याला घर मिळतं. अर्धं बरोबर आहे. रानातल्या वाघाची हद्द म्हणजे त्याचा सातबारा, तो काही पर्यटक म्हणून हिंडत नाही. पण बाकीचं अर्धं पायच्या बापाच्या धंद्यातून आलेलं आहे. मालकाचा पोरगा दुसरं काय बोलणार? मी असे बिबटे पाहिलेत की जे पिंजऱ्यात सात पावलं तिकडे, वळायचं, सात पावलं इकडे, दिवसभर, वर्षभर, आणि वळायच्या जागी सिमेंट गुळगुळीत झालेलं. त्याला घर मिळालं असं कोणी म्हटलं तर मला त्या गुळगुळीत सिमेंटवर त्याचा हात ठेवून दाखवावासा वाटतो. पण कादंबरी म्हणून हे चांगलंच आहे, पाय तुला पटलाच पाहिजे अशी सक्ती कुठे आहे, उलट हा माणूस आपल्या सोयीची बाजू फार गोड करून सांगतो हे आत्ताच लक्षात ठेवलंस तर पुढे कामी येईल. एवढंच बोलतो, जास्त नाही.

त्याच भागात एका काळ्या बिबट मादीची गोष्ट आहे, १९३३ च्या हिवाळ्यात झुरिकच्या प्राणिसंग्रहालयातून पळालेली, बर्फात दहा आठवडे कोणाला न सापडता राहिली. वाचताना आमच्या गटात एकजण म्हणाला असं कुठं राहते का काका, बिबट अन् लोकांना दिसत नाही. मी म्हटलं बाप्पा, २०२१ च्या मे महिन्यात आपल्याच आयटी पार्कजवळ गायत्रीनगरात बिबट दिसला होता, भर वस्तीत, आठवतं नं? दिसला म्हणून बातमी झाली. न दिसता किती वेळा येऊन गेला असेल ते कोण मोजून राहिलं.

आठवं प्रकरण तू वाचलंसच. बाप दोन्ही पोरांना घेऊन महिषा नावाच्या वाघाच्या पिंजऱ्यापाशी जातो, वाघ तीन दिवस उपाशी ठेवलेला, आणि त्यांच्यासमोर बकरी आत सोडतो. वहिनींना हे फार क्रूर वाटलं, लेकरांना असं कोणी दाखवते का म्हणाल्या. मला तो बाप आवडतो. त्याच प्रकरणात त्याच बापाने संग्रहालयाच्या तिकीटखिडकीपुढे भिंतीवर रंगवून घेतलेलं असतं, इथला सगळ्यात धोकादायक प्राणी कोणता माहीत आहे का, आणि पडदा सरकवला की मागे आरसा. ही आरशाची युक्ती लोकांना फार भावते, मला जरा स्वस्त वाटते, पण बकरीची नाही. कारण असं आहे की पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाघ हे रूपक वाटू शकतं. आपल्याकडे ती सकाळच्या पेपरातली बातमी राहते. चंद्रपूरकडे तेंदूपत्ता तोडायला, मोहफुलं वेचायला गेलेली बाई परत येत नाही आणि दुसऱ्या दिवशी फोटो येतो. २०१८ मध्ये पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीवरून, तिला सगळे अवनी म्हणायचे, आपल्याच घराघरात दोन तट पडले होते. तेव्हा इथल्या वाचकाला त्या बकरीचं प्रकरण वाचताना, वाघ खरंच वाघ आहे, एवढं एक वाक्य लेखकाने समजावून सांगायची गरजच पडत नाही. आपण निम्मं पुस्तक आधीच वाचून बसलेलो असतो.

आता देवाचं. इथं आमच्या गटात खरी लढाई झाली.

पाय जन्माने हिंदू, चौदाव्या वर्षी मुन्नारला सुट्टीत गेला तिथं ख्रिस्ताच्या प्रेमात पडला, पंधराव्या वर्षी एका पाव भाजणाऱ्या सूफी माणसाकडून नमाज शिकला, आणि काहीच सोडलं नाही. मग एक दिवस समुद्राकाठच्या रस्त्यावर पंडित, पाद्री आणि मौलवी तिघंही एकाच वेळी आईबापांसमोर भेटतात आणि पोरगा कोणाचा यावर जुंपते, २३ वं प्रकरण, फार विनोदी आहे. बाहेरच्या देशातल्या वाचकाला हे तीन धर्मांचं प्रकरण फार विलक्षण वाटत असेल. नागपूरकराला त्यात विशेष काही वाटत नाही. माझी आई मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जायची, घरात कोणी आजारी पडलं की उमरेड रोडच्या ताजबागेत ताजुद्दीनबाबांना चादर कबूल करायची, आणि नाताळात सदरच्या मोठ्या चर्चमध्ये आम्हाला मेणबत्त्या लावायला न्यायची, तिला कोणी विचारलं असतं की बाई तुझा धर्म कोणता तर तिने विचारणाऱ्याकडेच बघितलं असतं. ताजुद्दीनबाबांना तर वेड्यांच्या इस्पितळातून काढून भोसल्यांच्या राजाने शकरदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणून ठेवलं होतं. म्हणजे मुसलमान अवलिया, मराठा राजा, आणि रांगेत सगळी जात. म्हणून मी गटात मोठ्या तोऱ्यात म्हटलं की पाय आपल्या ताजबागेचाच पोरगा आहे.

तेव्हा आमच्यातल्या एक बाई, शाळेत गणित शिकवायच्या, एरवी फार कमी बोलतात, त्यांनी पोह्याची प्लेट खाली ठेवली. म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या आईचं छान आहे. पण माझ्या आजीला त्या टेकडीच्या पायरीवर कोणी बसू दिलं असतं का, ते आधी सांगा." मग म्हणाल्या, बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्याला सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला, इथंच, आपल्या गावात. मध्ये २१ वर्षं गेली. २१ वर्षं तो माणूस वाचत होता, तपासत होता, एकेक धर्म हातात घेऊन पाहत होता, आणि मग घेतला तेव्हा आधीचा सोडून घेतला, २२ प्रतिज्ञा घेऊन सोडला. तुमचा पाय नुसता जमवत जातो. त्याला सोडायची गरजच पडली नाही कारण त्याला कोणी कुठून हाकललं नव्हतं.

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगतो आजही पूर्ण सुचलेलं नाही. घरी फिरून पहिला भाग वाचला तेव्हा लक्षात आलं की पायचा बाप पैसेवाला, प्राणिसंग्रहालयाचा मालक, घरात स्विमिंगचे धडे, पॅरिसच्या स्विमिंग पूलवरून पोराचं नाव पिसिन मोलिटर, म्हणजे विश्वासाशी खेळायला जी फुरसत लागते ती त्या घरात आहे. लेखकाला हे दिसलंय का नाही दिसलं, मला नक्की ठरवता येत नाही. पण पुढे समुद्रावर ते सगळं त्याच्याकडून काढून घेतलं जातं, घर नाही, बाप नाही, प्रसाद नाही, मासा मारताना ढसाढसा रडणारा शाकाहारी पोरगा हातात उरतो, आणि तिथं त्याचे ते तीन देव किती कामाचे निघतात ते पाहायचं असतं. बाईंनीही दुसऱ्या खेपेला पूर्ण वाचलं. त्यांना पाय शेवटपर्यंत आवडला नाही, पुस्तक मात्र आवडलं. असं होऊ शकतं हे आमच्या गटाला त्या दिवशी नव्यानं कळलं.

एक चूक पहिल्यांदा वाचणारे जवळजवळ सगळे करतात ती सांगून देतो. सुरुवातीला लेखकाचं मनोगत आहे, पाँडिचेरीच्या कॉफी हाउसमध्ये एक म्हातारा भेटतो आणि म्हणतो माझ्याकडे अशी गोष्ट आहे की जी ऐकून तुझा देवावर विश्वास बसेल. ते मनोगत हाही कादंबरीचाच भाग आहे. तो म्हातारा रचलेला, मिस्टर पटेल, म्हणजे मोठा झालेला पाय, तोही रचलेला, आभारसुद्धा त्यात मिसळलेले. बँकवाल्या काकांनी त्या जपानी जहाजाचं नाव गुगलवर शोधलं, दोन रात्री, २ जुलै १९७७ ला बुडालेलं जहाज, आणि सापडलं नाही म्हणून मलाच फोन करून म्हणाले हा माणूस खोटारडा आहे. अहो काका, कादंबरी आहे! पण त्यांचं चिडणं मला फार मोलाचं वाटलं, कारण काय खरं, काय रचलेलं आणि आपल्याला कोणतं हवं असतं, हीच या पुस्तकाची नस आहे आणि काका नकळत तिच्यावरच बोट ठेवून बसले होते.

म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की देवावर विश्वास बसेल हे वचन लेखकाचं नाही, लेखकाने रचलेल्या एका म्हाताऱ्याचं आहे. ते वसूल करायला जाऊ नको. माझा काही बसला नाही. मी अजूनही त्या जीवशास्त्राच्या मास्तरच्या बाजूने, ज्याला लहानपणी पोलिओ झाला आणि जो म्हणतो मला देवाने नाही औषधाने वाचवलं, आणि पायला तो नास्तिक मास्तर मनापासून आवडतो हे पाहून मला बरं वाटलं. पायची चीड आहे ती 'मला माहीत नाही बुवा' म्हणून कुंपणावर बसून राहणाऱ्यांवर. ते थोडं अन्यायाचं आहे, आपल्यातले निम्मे शहाणे लोक कुंपणावरच असतात.

वाघाकडे येतो, तुझा दुसरा प्रश्न, आणि खरं तर माझा आवडता.

वागणं खरं आहे, आकडेमोड खरी नाही. २६ फूट लांब, ८ फूट रुंद होडी, त्यात ४५० पौंडांचा म्हणजे २०० किलोच्या वरचा वाघ, आणि २२७ दिवस. आता पिंजऱ्यातल्या मोठ्या वाघाला आपण रोजचं साधारण ८ ते १२ किलो मांस देतो, आठवड्यात एक दिवस उपास. कमीत कमी धर, रोज ८ किलो, तरी २२७ दिवसांचं झालं १८१६ किलो. एवढी मासळी आणि कासवं एका पोराने हाताने मारायची? नाही जमत. अर्थात वाघ उपाशी फार दिवस काढू शकतो, रानात तर एकदा पोटभर खाल्लं की कित्येक दिवस शिकार होत नाही त्याची, आणि पुस्तकातला वाघही शेवटी शेवटी हाडाचा सापळा होतो, त्यामुळे लेखकाने गणिताची लाज थोडी तरी राखलीय.

माणसाचं म्हणशील तर २२७ दिवस अशक्य नाहीत. दुसऱ्या महायुद्धात पून लिम नावाचा चिनी खलाशी तराफ्यावर एकटा १३३ दिवस राहिला, ब्राझीलजवळ सापडला. आणि हे पुस्तक २००१ चं, त्यानंतर २०१२ ला एल साल्वादोरचा एक मच्छीमार मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून भरकटला तो २०१४ च्या जानेवारीत पार मार्शल बेटांवर निघाला, वर्षाच्या वर. कासवाचं रक्त, पक्षी, पावसाचं पाणी. पाय जे करतो तेच.

वागण्यात मात्र लेखक क्वचितच चुकतो. पाय वाघाला होडीच्या हेलकाव्यांनी मळमळ आणतो आणि त्याच वेळी शिट्टी वाजवतो, म्हणजे पुढे शिट्टी ऐकली की पोटात ढवळलं पाहिजे. हे अगदी रीतसर शिकवणं आहे, आम्ही त्याच शिट्टीने उलटं करतो, शिट्टी आणि मांसाचा तुकडा, शिट्टी आणि तुकडा, मग वाघ आपण होऊन गजाला कूस लावून उभा राहतो आणि शेपटीतून रक्त घेता येतं. स्वतःच्या लघवीने हद्द आखणं, तेही बरोबर. आणि एक आवाज आहे, ५७ व्या प्रकरणात येतो, वाघ नाकातून हवा सोडतो, फुर्र फुर्र असा, घोड्यासारखा पण मऊ. त्याचा अर्थ मी तुझं काही बिघडवणार नाही. बिबट हा आवाज काढत नाही, सिंह काढत नाही, वाघ काढतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा नोकरीला नऊ वर्षं झाली होती. आईविना सापडलेली एक वाघीण वाढवली होती, तिचा कीपर पांढऱ्या बनियनवर बादली घेऊन आला, मे महिना, कूलरसमोर ती पसरलेली, तिने मान न उचलता नुसतं फुर्र केलं, आणि तो माणूसही तसंच फुर्र करून पुढे गेला. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. मी विचारलं हे काय रे, तर म्हणाला, "काही नाही साहेब, रामराम आहे तिचा." त्यानंतर कितीतरी वर्षांनी ते प्रकरण वाचलं, आणि मला तो बनियनवाला डोळ्यांसमोर आला. हा आवाज लेखकाने पुस्तकांतून शोधला असेल, पण होडीत त्याची जागा कुठे ठेवायची हे त्याला बरोबर कळलंय.

एक भानगड मात्र मराठी वाचकाची हमखास होते. होडीत तरस आहे. आपण लगेच आपला तरस धरतो, पट्ट्यांचा, बुजरा, मेलेलं खाणारा, गावाबाहेर उकिरड्याकडे रात्री येणारा. पुस्तकातला तो नाही. तो ठिपक्यांचा, आफ्रिकेतला, जबड्यात भयंकर जोर आणि स्वतः शिकार करणारा. तो धरला तरच पुढच्या दोन-तीन प्रकरणांत जे होतं ते खरं वाटेल. ती प्रकरणं जेवताना वाचू नको. पाय मोडलेला झेब्रा आहे त्यात, आणि लेखक हात राखून लिहीत नाही. आमच्या एमआर मुलाने दुसऱ्या खेपेला तिथं पुस्तक चार दिवस कपाटात ठेवलं होतं.

कसं वाचायचं तेवढं सांगतो. ३६ पर्यंत धीर धर पण घाई करून नाही, रोज चार-पाच प्रकरणं, काही तर अर्ध्या पानाची आहेत, एक तर, ९७ वं, फक्त दोन शब्दांचं आहे. ३७ ते ५२ शक्यतो एका बैठकीत. ५२ वं प्रकरण म्हणजे होडीतल्या सामानाची नुसती यादी आहे, आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ओलांडून टाकलं होतं. तू शब्दन् शब्द वाच. उलटी होऊ नये म्हणून १९२ गोळ्या, पाण्याचे १२४ डबे, असं करत करत यादी खाली येते, आणि तळाशी १ वाघ, १ होडी, १ महासागर, १ देव. माझ्यासारख्या माणसालाही तिथं थांबावंसं वाटलं. स्टोअरचा रजिस्टर लिहिणाऱ्याला कळेल ती गंमत, जे शिलकीत आहे ते लिहायचं, असावं का नसावं ते विचारायचं नाही.

सिनेमा आधी पाहिला असशील तर हरकत नाही, आंग ली या दिग्दर्शकाला त्यासाठी ऑस्कर मिळालं ते योग्यच, इरफान आहे, तब्बू आहे, पण पहिला भाग त्यात आवरून घेतलाय, आणि समुद्र इतका देखणा आहे की मरण विसरायला होतं. पुस्तकातला समुद्र एवढा देखणा नाही, वास मारतो. आणि वाघाचं नाव रिचर्ड पार्कर का, हे आत्ता शोधू नको. १८८४ ची एक खरी घटना आहे त्या नावामागे, पुस्तक संपल्यावर शोध. आधी शोधलंस तर स्वतःचंच नुकसान.

आणखी एक आठवण, मग उठतो. त्या काटोलच्या विहिरीतल्या बिबट्याला नऊ दिवसांनी आम्ही पेंचच्या बाजूला सोडला. पहाटे, पिंजऱ्याचं दार वर ओढायचा दोर माझ्या हातात, आणि शेजारी एक तरुण गार्ड, त्यानेच नऊ दिवस त्याला खायला घातलं होतं, पाणी बदललं होतं, रात्री पिंजऱ्याशेजारी झोपला होता. मोबाइल काढून उभा. मी दोर ओढला. बिबट दारात क्षणभर थांबला, नाक वर केलं, आणि गेला. गवत हललं आणि मग हलायचं थांबलं. गार्ड तसाच मोबाइल धरून उभा, मी पिंजरा पाण्याने धुवायला लागलो तरी उभाच.

९४ व्या प्रकरणाशी पोचलीस की मला फोन कर, रात्री कितीही वाजता. आणि तुझ्याकडची प्रत बारीक टायपाची असेल तर माझी घेऊन जा. २३ व्या प्रकरणापाशी तर्रीचा डाग आहे, तो गणिताच्या बाईंनी प्लेट ठेवली तेव्हाचा.